उशाखालचं लोखंड

बाळंतिणीच्या खोलीतलं लोखंड दिसायचं नाही. उशीखाली अडकित्ता, बाजेखाली विळा, बाळाच्या दुपट्याच्या घडीत एखादा खिळा. तिन्हीसांजेला बाळ घेऊन अंगण ओलांडायची वेळ आलीच, तर आईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रात्री कुणाकडून मटणाचा डबा यायचा असेल, तर त्यावर कोळसा नाहीतर खिळा. चौकटीवर घोड्याची नाल. वसईतल्या आगाशी, बोळिंज, निर्मळ या बाजूच्या वाड्यांत वाढलेल्या कुणालाही विचारा, या यादीत तो आणखी दोन वस्तूंची भर घालेल. खंडेनवमीला कोयता-कुदळीला हळदकुंकू लागायचं, तेवढाच काय तो या लोखंडाचा मान. एरवी ते गप्प पडून असायचं आणि घरातल्या बायकांचा त्याच्यावर भरवसा असायचा.

आमच्या आजीचा अडकित्ता घडीव होता. मुठी हातात फिरून फिरून काळ्याभोर आणि गुळगुळीत झालेल्या, वरच्या पात्याची धार घासून आत गेलेली, बिजागरीच्या खाचेत सुपारीचा तांबूस भुगा कायमचा बसलेला. दिवसा तो पानाच्या डब्यात असायचा. घरात कुणी बाळंत झालं की डब्यातून उठून उशीखाली जायचा आणि बारसं होईपर्यंत परत यायचा नाही. त्या दिवसांत आजी सुपारी बत्त्यानं ठेचून खायची.

अडवायचं कुणाला, तर हडळीला, जखिणीला, खविसाला, पिंपळावरच्या मुंज्याला, पाण्यातल्या गिऱ्ह्याला. ही नावं आजी चारचौघांत घ्यायची. एक नाव मात्र आवाज खाली आणून घ्यायची, ते आसरांचं. सात बहिणी. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी ही त्यांची पोथीतली नावं. आजीच्या लेखी त्या नुसत्या ‘साती जणी’. त्या पाण्यात राहतात, आणि आमच्या वाडीत पाणी म्हणजे बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. ते पावसाचं पाणी धरून ठेवतं, हळूहळू मुरवतं आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून वाडीत शिरू देत नाही. त्याच्या जिवावर रहाट चालले, केळीच्या बागा आणि पानवेली वाढल्या. आसरांना हिरव्या बांगड्या, खण, ओटी जायची. त्या दुष्ट नव्हत्या. पण तान्ह्या बाळावर आणि ओल्या बाळंतिणीवर त्यांचा जीव जडतो असं आजी म्हणायची, आणि देवतांचा जीव जडणं माणसाला सोसत नाही. म्हणून त्या दिवसांत बावखलाकडे फिरकायचं नाही. फिरकावंच लागलं तर ओच्यात लोखंड हवं.

माझी भाची सध्या कादंबरी लिहिते आहे. अद्भुताची, ती तिला फॅन्टसी म्हणते. तिच्या जगातली वसई हीच आहे, फक्त तिथली बावखलं शाबूत आहेत आणि आसरा माणसांशी बोलतात. तिनं एकदा विचारलं, “मावशी, इंग्रजी पुस्तकांत पऱ्यांना लोखंड टेकलं की त्या भाजतात. आपल्या आसरांचंही तसंच करू का? पण का भाजतात ते कुठे नीट सांगितलेलंच नसतं. नियम ठेवायचा तर त्याला कारण नको?”

कारण हवंच. कल्पनेचं जग रचणाऱ्यानं एवढा प्रामाणिकपणा ठेवला, तर वाचक त्याच्यामागे कुठेही यायला तयार असतो. आम्ही दोघी मग तिच्या पुस्तकांच्या ढिगात बसलो. पोल अँडरसनच्या ‘द ब्रोकन सोर्ड’मध्ये (१९५४) एल्फ लोकांना लोखंड हातात धरवत नाही; त्यांनी पळवून आणून वाढवलेलं माणसाचं पोर मात्र ते बिनधास्त हाताळतं. टेरी प्रॅचेटनं ‘लॉर्ड्स अँड लेडीज’मध्ये (१९९२) वेगळी युक्ती केली: त्याच्या एल्फांना चुंबकत्वाची जाण असते, तिच्याच आधारानं ते वावरतात, आणि लोखंड जवळ आलं की ती जाणच हरवते. मला सगळ्यांत भिडली ती किपलिंगची गोष्ट. हा आपल्या मुंबईत १८६५ साली जन्मलेला माणूस. ‘रिवॉर्ड्स अँड फेअरीज’ (१९१०) या संग्रहातल्या त्या गोष्टीत पऱ्यांनी सांभाळलेला एक मुलगा असतो. लोखंडापासून त्याला जपलेलं असतं, कारण तो जे लोखंड पहिल्यांदा हाती घेईल तेच त्याचं नशीब ठरणार. आणि एका रात्री त्याला सापडतं ते गुलामाच्या गळ्यातलं कडं. तो ते स्वतः गळ्यात अडकवतो आणि पऱ्यांचा मुलूख सोडून माणसांच्या कष्टांत निघून जातो. इथे लोखंडानं कुणी भाजत नाही. ते ज्यानं उचललं तो माणसांचा झाला, एवढंच.

या सगळ्या कथांच्या मुळाशी जायचं तर पुन्हा बाळंतिणीची खोलीच येते. स्कॉटलंडमधल्या ॲबरफॉइल गावचा पाद्री रॉबर्ट कर्क यानं १६९१-९२च्या सुमारास पऱ्यांच्या गुप्त राज्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की पऱ्या ओल्या बाळंतिणींना पळवून नेतात, आपल्या पोरांना अंगावर पाजायला. म्हणून डोंगरातले लोक प्रसूतीच्या वेळी बाईच्या अंथरुणात पाव, बायबल किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात. हे वाचून मी पुस्तक मिटवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कुठे ॲबरफॉइल, कुठे आगाशी. रोमन काळातल्या थोरल्या प्लिनीनंही लहानथोरांभोवती लोखंडानं रेघ ओढून वाईट टाळायची रीत नोंदवलेली आहे. आणि आमच्या शेजारच्या ख्रिस्ती वाडीत एका मावशींच्या घरी पाळण्याच्या उशाशी जपमाळ आणि कातर शेजारी शेजारी ठेवलेली मी लहानपणी पाहिलेली आहे. गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, १७३६ साली तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी ज्या चालीरीतींना मनाई केली, त्यांत बाळाच्या जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचं जागरणही होतं. म्हणजे धर्म बदलून कित्येक पिढ्या उलटल्या तरी बायका त्या रात्री जाग्या राहत होत्या. त्यानंतर तीनच वर्षांनी चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. किल्ल्यावरचं निशाण बदललं. सहावी रात्र काही बदलली नसणार.

विद्वानांनी कारण शोधलं नाही असं नाही. एडवर्ड टायलरनं १८७१ साली ‘प्रिमिटिव्ह कल्चर’मध्ये मांडलं की जिन काय, एल्फ काय, ही सगळी अश्मयुगातली मंडळी, नव्यानं आलेला धातू त्यांना शत्रू वाटतो. ऐकायला हे सुंदर आहे, आणि फॅन्टसी लिहिणाऱ्यांनी त्याचा भरपूर उपयोग केला. मला ते आपल्या मातीत उतरत नाही असं वाटतं. विदर्भात नायकुंड, माहुरझरी इथली महापाषाणी दफनं उकरली तेव्हा मेलेल्यांसोबत पुरलेली लोखंडी हत्यारं निघाली. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. आपल्या मृतांच्या सोबतीला लोखंड देणाऱ्या त्या लोकांना पलीकडचे जीव लोखंडाला भितात असं काही वाटत नसावं. आणि वसईचंच पाहा. १८६४ साली मुंबईची रेल्वे इथून धावू लागली, खाडीवर लोखंडाचे पूल उभे राहिले. एवढं लोखंड उशाशी येऊन पडलं, तरी आमच्या बावखलातल्या आसरा शंभर वर्षं हलल्या नाहीत. त्या गेल्या ते बावखलात डंपरनं भराव पडला तेव्हा. त्यांना लोखंडानं नाही, मातीनं घालवलं. ते बावखल बुजताना मी पाहिलेलं आहे. पाण्याचा शेवटचा तुकडा पिवळ्या मुरुमाखाली जाताना कुणीतरी हिरव्या बांगड्या टाकल्या होत्या. त्या विहिरीसारख्या खोल पाण्यात बुडायच्या, तशा बुडाल्या नाहीत. वरच राहिल्या, फुटल्या. मला ते दृश्य अजून सोसत नाही.

कारण सापडलं नाही याचं एक कारण मला दिसतं: विचारणारे सगळे पुरुष. कर्क पाद्री, प्लिनी आरमाराचा सेनापती. आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी जॅक्सन, जे १९०९ साली नाशिकला मारले गेले, त्यांनी कोकणातल्या समजुती गोळा केल्या त्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून. त्यांच्यासारखेच अधिकारी असलेल्या एन्थोवेन यांनी त्या १९१५ साली पुस्तकरूपानं छापल्या. मोठं काम आहे ते. पण त्या काळचा कुठला मास्तर बाळंतिणीच्या खोलीत डोकावला असेल? उंबऱ्याबाहेर जे ऐकू आलं ते त्यानं लिहून पाठवलं.

उंबऱ्याच्या आत पाचवी व्हायची. जन्मानंतरच्या पाचव्या नाहीतर सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पाट्यावर वरवंटा मांडायचा, हळदकुंकू, कोरा कागद, लेखणी आणि शेजारी ज्यानं नाळ कापली तो विळा किंवा सुरी. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. बायकांनी जागायचं. सटवी लिहायलाही येते आणि न्यायलाही येते, म्हणून हे जागरण.

ती न्यायची कशी, हे माझ्या आत्यानं मला सांगितलं. आत्या सरकारी आरोग्य केंद्रांत नर्स होती, नोकरीचा बराचसा काळ जव्हार-मोखाड्याकडे गेला. तिच्या जन्माआधी आजीला एक मुलगा झाला होता. चांगला, रडणारा, दूध ओढणारा. पाचवीची पूजा झाली. त्यानंतर त्यानं दूध ओढणं सोडलं. ओठ आवळले गेले, तोंड उघडेना. मग नुसता हात लागला, दिवा हलला, कुणी भांडं वाजवलं, तरी अंग ताठ व्हायचं, मान मागे जायची, पाठीची कमान व्हायची. दोन दिवसांत गेला. सटवीनं नेला, असंच सगळे म्हणाले. बारसं बाराव्या दिवशी असतं. त्याला नाव मिळालंच नाही.

आत्या नर्सिंग शिकायला गेली तेव्हा पुस्तकात तिला तिचा भाऊ भेटला. नवजात बाळाचा धनुर्वात. त्याचे जंतू मातीत असतात, गुराढोरांच्या शेणात असतात, बीज होऊन वर्षानुवर्षं टिकतात. शेतातून आलेल्या विळ्यानं नाळ कापली, वर राख नाहीतर शेण लावलं, की त्या ओल्या जखमेतून ते आत जातात. लक्षणं दिसतात ती साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात, पुष्कळदा पहिल्या आठवड्याच्या आसपास. पाचवी-सहावीच्या रात्री जागणाऱ्या त्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते. पण शत्रू कधी येतो, हे त्यांना अचूक ठाऊक होतं. कित्येक पिढ्यांची मेलेली बाळं मोजून त्यांनी ती रात्र ठरवली असावी. आणि ज्या लोखंडाला त्यांनी पहाऱ्यावर बसवलं, कधी कधी त्याच्याच धारेवरून तो आत आलेला असायचा.

हे समजल्यावर मला त्या चालीचा राग यायला हवा होता, असं एका डॉक्टर मैत्रिणीला वाटलं. मला राग येत नाही. मला त्या खोलीत दिव्याजवळ बसलेली माझी आजी दिसते. हातात एक अडकित्ता, समोर बाळ, आणि येणारं संकट कशाचं बनलेलं आहे हे सांगणारं जगात कुणी नाही. तिनं जवळचं सगळ्यांत कठीण, सगळ्यांत न वाकणारं जे काही होतं ते उशीखाली ठेवलं. याहून अधिक कुणाला काय करता आलं असतं?

आत्यानं पुढे जन्मभर धनुर्वाताची इंजेक्शनं दिली. गरोदरपणी आईला टोचायचं, तिच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण नाळेतूनच बाळाकडे जातं. ज्या नाळेवरून मरण यायचं, तिच्यातूनच राखण होते. पाड्यापाड्यांवर पायी जाऊन, सुईणींना शिकवून, अशा हजारो बायकांनी हे काम केलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं की भारतात बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात आटोक्यात आला. कुठल्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एका बाळालाही आता तो होत नाही. एवढी मोठी गोष्ट घडली आणि गावात कुठे एक फटाका वाजला नाही.

आत्याच्या पिशवीत दुसरंही लोखंड असायचं, लोहाच्या गोळ्या. अंगात रक्त नसलेली बाई बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही सोसू शकत नाही. म्हणून रोज एक गोळी, आताच्या हिशेबानं तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. १८० दिवस बाळंतपणाआधी आणि तेवढेच नंतर. चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू पिळलेल्या जेवणावर चालेल. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बायका गोळ्या छपरात खोचून ठेवतात, आणि आत्या त्या छपरातून काढून पुन्हा हातावर ठेवायची.

आणि तरी माझ्या बाळंतपणात, इस्पितळातून घरी आल्याच्या पहिल्याच रात्री, आत्यानं आजीचा तो अडकित्ता माझ्या उशीखाली सरकवला. मी तिच्याकडे पाहिलं. ती पांघरूण सारखं करत म्हणाली, “इंजेक्शन जंतूंसाठी. हा आईसाठी आहे.” आई म्हणजे तिची आई. त्या रात्री ती माझ्या खोलीत खुर्चीवर बसून जागली.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली की आता तिला आसरांना भाजवायचं नाही, पण नियम तर हवा, कारण तिच्या गोष्टीतली सुईण पाचव्या रात्री बावखलाकाठी उभी आहे आणि तिच्या हातात काय द्यावं ते ठरत नाही.

मी तिला घिसाड्याकडे नेलं. पावसाळ्याच्या तोंडावर विरारच्या रस्त्याकडेला त्यांची पालं पडतात. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आला आहे, बाकी ऐरण तीच. नवरा सांडशीत ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा धरून बसला होता, बायको उभी राहून घण घालत होती. पदर कमरेला घट्ट, पाय रोवलेले, घण डोक्यावरून येऊन नेमका तो सांगेल तिथेच पडत होता. ते बोलत नव्हते. तो तुकडा किंचित फिरवायचा, तेवढ्यावर तिला पुढचा घाव कळायचा. नारिंगी लोखंड घावासरशी पसरत होतं, अंगावरचे काळे खवले झडून ऐरणीखाली पडत होते. तांबडं झालं की पुन्हा विस्तवात. अर्ध्या तासात कोयत्याची चोच वळली. मग धार पाण्याच्या डब्यात गेली, चर्र आवाज झाला, वाफेला आंबूस वास आला. बाजूला झोळीत तिचं तान्हं मूल झोपलं होतं. झोळीच्या दोरीला एक खिळा बांधलेला होता. भाचीनं तो मला डोळ्यांनी दाखवला.

घरी येऊन तिनं लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात सुईण कोयता उकळत्या पाण्यात बुडवून घेते. आत्याचं वय झालंय, पण तिनं चष्मा लावून ते पान वाचलं आणि मान हलवली. “हे जंतू उकळल्यानं सहजी मरत नाहीत. मातीत गेलेलं हत्यारच नको. नवी धार, धुतलेले हात, स्वच्छ दोरा, आणि कापल्यावर नाळेला काही म्हणजे काहीच लावायचं नाही. लिहितेस तर नीट लिही.”

इंग्रजी पुस्तकांत या लोखंडाला ‘कोल्ड आयर्न’, थंड लोखंड म्हणतात. भाचीच्या जगात आता ते ऊन लागतं. थेट विस्तवातून निघालेलं, अजून मातीला न टेकलेलं पातंच तेवढं आसरांना थांबवू शकतं. ते त्यांना भाजत नाही, दुखवत नाही. ते पाहिलं की त्यांना कळतं, इथे कुणीतरी रात्रीच्या रात्री घिसाड्याला उठवायला गेलं होतं, आणि त्या पाण्यात परत जातात. एकदा जमिनीवर ठेवलं की त्या पात्याची शक्ती गेली. त्यामुळे प्रत्येक बाळासाठी नवं घडवावं लागतं, आणि गावात घिसाडी वर्षातून एकदाच येतो. ही अडचण कशी सोडवायची यावर आत्या आणि भाची रोज फोनवर बोलतात. आत्याचं म्हणणं, प्रत्येक पोटुशी बाईच्या नावानं एकेक पातं आधीच घडवून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगून ठेवावं, आणि त्याची नोंद करायला एक वही असावी.